आज्जीची कुंची आणि माझं ‘अ‍ॅड टू कार्ट’

रविवारी सकाळी साडेआठला टोरांटोहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे शनिवारची रात्र. ‘गुड न्यूज आहे’ एवढंच तो म्हणाला आणि आमच्या राजारामपुरीतल्या घरात एकच कल्ला झाला. आईच्या डोळ्यांत पाणी, बाबांनी उगाचच उठून पंखा वाढवला... शांत होती ती फक्त आज्जी. दादाने तारीख सांगितली, जानेवारीचा शेवटचा आठवडा. आज्जीने बोटांवर महिने मोजले आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला म्हणाली, ‘‘लोकर आण. पिवळी. कुंची करतो.’’

(ही प्रिंटिंग मिस्टेक नाही हं! कोल्हापुरात बायकाही ‘मी करतो, मी जातो’च म्हणतात. बाहेरून आलेल्या सुना पहिल्यांदा दचकतात आणि वर्षभरात स्वतःच ‘येतो की’ म्हणायला लागतात.)

आज्जी ८२ वर्षांची आहे. घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला तिने कुंची विणली. माझी गुलाबी कुंची अजून आईच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत आहे. दादाचं बाळ म्हणजे तिचं पहिलं पणतवंड. पण आता तिच्या बोटांचे सांधे सुजतात, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ‘ही शेवटची’ असं काही ती म्हणाली नाही, पण घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं. म्हणून मी एकदम जोशात म्हटलं, ‘‘एवढंच ना? संध्याकाळी आणते!’’

कसली संध्याकाळ! लोकर घरात यायला गणपती येऊन गेले.

काकांचं शटर

आमची लोकर महाद्वार रोडच्या एका छोट्या दुकानातून यायची. काका काउंटरच्या मागे, त्यांच्यामागे छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर गुंडेच गुंडे. लहानपणी मला ते दुकान आईस्क्रीमच्या पार्लरइतकं आवडायचं. आज्जी गुंडा हातात घ्यायची, धागा अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायची, गालाला लावायची. काका विचारायचे, ‘‘बाळाला का मोठ्याला?’’ मग स्वतःच सांगायचे, ‘‘सहा घेऊन जावा मावशी, एकाच लॉटचे देतो. उरला तर परत आणा.’’

खूप दिवसांनी मी तिथे गेले तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. काकांनी दुकान बंद केलं, मुलाला त्यात रस नव्हता, असं शेजारच्याने सांगितलं. मग लक्ष्मीपुरी झाली, शाहूपुरी झाली. एका ठिकाणी फक्त जाड, चमचमती लोकर. दुसऱ्या ठिकाणी दोनच रंग, मरून आणि काळा! तिसऱ्याने सांगितलं, ‘‘दिवाळीनंतर या, थंडीचा माल तेव्हा येतो.’’

विचार करा, ज्या गावात १९०६ मध्ये शाहू महाराजांनी सूतगिरणी काढली आणि ज्याच्या शेजारी इचलकरंजीसारखं यंत्रमागांचं गाव आहे, तिथे बाळाच्या कुंचीपुरता धागा मिळू नये? पण ते सगळं सुताचं राज्य. इथली लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची. ती घोंगडीसाठी एक नंबर! पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरांच्या खांद्यावर दिसते ना, तीच. पावसात, थंडीत वर्षानुवर्षं टिकते, पण नवजात बाळाच्या गालाला टोचते. विणकामाची मऊ लोकर पूर्वीपासून येते ती मुख्यतः लुधियानाहून. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं तुमच्याही आईच्या पिशवीत सापडतील.

म्हणजे काकांची लोकरसुद्धा लांबूनच यायची. मग मधला माणूस नसला तर काय बिघडतं? मी सोफ्यावर पाय पसरले आणि मोबाइल उघडला.

पहिली ऑर्डर, पहिला फज्जा

‘बेबी सॉफ्ट वूल, दहाचा पॅक’. फोटोत लिंबासारखा पिवळा रंग, शेजारी गोरंपान परदेशी बाळ, चार स्टार. किंमत एकदम सही! तीस सेकंदांत ऑर्डर. सोबत सुयाही घेतल्या. आज्जी ‘आठ नंबरच्या’ म्हणाली होती, म्हणून ‘साइझ ८’वर टिक केलं.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. गुंडे लिंबासारखे खरेच होते, म्हणजे तेवढ्याच आकाराचे! दहातले सहा एका पिवळ्यातले, चार जरा हिरवट. आज्जीने एक धागा चोळला, काही बोलली नाही. देवघरातली काडेपेटी मागवली. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवला. धागा वितळला, काळा थेंब झाला आणि गार झाल्यावर मण्यासारखा टणक.

‘‘खरी लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो. आणि राख बोटानं चुरडते,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यात लोकर कुठाय?’’

फसवणूक म्हणावी तर तसंही नाही. आपल्याकडे विणायच्या कुठल्याही धाग्याला सर्रास ‘लोकर’ किंवा ‘वूल’ म्हणतात, मग तो शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक का असेना. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेलं होतं. वाचलं कुणी? मी नाही!

सुयांची आणखीनच गंमत. आज्जीची आठ नंबरची सुई म्हणजे जुन्या ब्रिटिश मापातली, ४ मिलिमीटरची. मी घेतलेली अमेरिकन आठ नंबर होती, ५ मिलिमीटरची. ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मापात नंबर वाढला की जाड! त्यामुळे सुई घेताना नंबर विसरा, मिलिमीटर बघा. हा एक धडा मी पैसे मोजून शिकले, तुम्ही फुकटात घ्या.

‘‘फोटो बघून आम्ही नवरासुदीक पसंत केला नव्हता,’’ आज्जी म्हणाली, ‘‘आणि तू लोकर घेतलीस?’’

खरं सांगू? मला राग आला होता तो स्वतःचाच. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत परचेसला आहे. दिवसभर लोकांना पिडणं हेच माझं काम. पिग आयर्नचा ट्रक टेस्ट सर्टिफिकेटशिवाय गेटातून आत घेत नाही. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक वितळीला हीट नंबर असतो, म्हणजे सहा महिन्यांनी एखाद्या कास्टिंगला तडा गेला तर ते नेमकं कधीचं ओतलेलं, ते कळतं. एवढं सगळं ऑफिसात. आणि घरी? चार स्टार आणि एक गोरं बाळ!

पत्र्याच्या डब्यातला खजिना

मग एका शनिवारी मी आज्जीसमोर वही-पेन घेऊन बसले. तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत पन्नासेक वर्षांची लेबलं! गुंड्यावरच्या कागदी पट्ट्या तिने कधी टाकल्याच नव्हत्या. प्रत्येकीला एक वितीएवढा धागा गुंडाळलेला. ‘हा तुझ्या बाबांचा शाळेचा स्वेटर.’ ‘हा तुझ्या आत्याचा, लग्नाच्या आधीचा.’ मी आजवर हा डबा शंभरदा पाहिला असेन. उघडून कधी बघितला नव्हता.

त्या लेबलांवरून आम्ही प्रश्न काढले. आज्जी बोटांनी जे विचारायची, ते मला शब्दांत विचारायचं होतं.

पहिला प्रश्न, धागा कशाचा आणि किती टक्के? दादाशी बोलल्यावर यात एक मेख निघाली. तिकडे सगळे कपडे मशीनमध्ये जातात आणि वर ड्रायरमध्ये फिरतात. साध्या शुद्ध लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कुंचीचा आटून नमदा होतो. त्यावर उपाय ‘सुपरवॉश’ लोकर. यात खवले काढून टाकलेले असतात किंवा त्यांच्यावर पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे ती मशीनच्या धुण्यात तग धरते. आज्जीला शुद्ध लोकर हवी होती, वहिनीला न आटणारी. सुपरवॉश मेरिनोवर सासू-सुनेच्या दोन पिढ्यांचं एकमत झालं. (अ‍ॅक्रिलिक वाईट नाही, बरं का. धुवायला सोपं, स्वस्त, टोचत नाही. फक्त टोरांटोच्या जानेवारीत ऊब हवी असेल तर लोकर ती लोकरच.)

दुसरा प्रश्न, ५० ग्रॅममध्ये मीटर किती? ही तर खरी मेख! अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, कॉटन जड. त्यामुळे सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच वजनाच्या गुंड्यांत धाग्याची लांबी वेगवेगळी निघते. ग्रॅमवर हिशेब केला की शेवटच्या बाहीला हमखास कमी पडतो. हिशेब मीटरवर करायचा. जे दुकान मीटर लिहीत नाही, तिथून पुढे जायचं.

तिसरा, जाडी किती? आपण प्लाय म्हणतो, परदेशी पॅटर्नमध्ये ‘डीके’ किंवा ‘वर्स्टेड’ असतं. त्यांच्या शून्य ते सात अशा मापात डीके म्हणजे तीन नंबर, वर्स्टेड चार. आज्जीचा ‘कुंचीचा धागा’ म्हणजे डीके, हे तिच्या जुन्या धाग्याची पट्टीवर गुंडाळी करून, एका इंचात किती वेढे बसतात ते मोजून आम्ही शोधलं.

आणि चौथा, डाय लॉट. तोच रंग, तीच कृती, पण रंगाचं प्रत्येक भांडं थोडं वेगळं उतरतं. पाणी, तापमान, वेळ, सगळ्याचा परिणाम. गुंड्यात फरक दिसत नाही, विणल्यावर पट्टा उठतो. म्हणून लेबलवर शेड नंबरखाली लॉट नंबर छापतात. आज्जीने हे समजावलं आणि मी उडालेच. ‘‘आज्जी, हा तर हीट नंबर!’’ तिला हीट नंबर माहीत नव्हता, पण माझ्या ऑफिसात नेमकं काय चालतं हे तिला पहिल्यांदाच कळलं म्हणाली.

चार दुकानं, एक उत्तर

आता सगळं मिळणाऱ्या मोठ्या साइट्स सोडून मी फक्त याच वस्तूंची दुकानं शोधायला लागले. आपल्याकडे मॅजिक नीडल्स, प्रधान एम्ब्रॉयडरी स्टोअर्स अशी खास विणकाम-भरतकामाची ऑनलाइन दुकानं आहेत आणि कुणीतरी आवडीने चालवलेली छोटी दुकानंही बरीच आहेत. चार दुकानांना मी एकच मेसेज पाठवला. सहा गुंडे, एकाच लॉटचे, मिळतील का?

एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने ‘यस मॅडम’ आणि एक अंगठा पाठवला. तिसऱ्याने कॅटलॉगची लिंक. चौथं दुकान उत्तरेकडचं, अगदी छोटं. तिथल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं, ‘‘एक ही लॉट के पाँच हैं. छठा दूसरे लॉट का है, फर्क हल्का है पर है. दोनों का फोटो दिन की रोशनी में भेज रही हूँ.’’

मी तो फोटो आज्जीला दाखवला. तिने स्क्रीन खिडकीकडे धरली आणि म्हणाली, ‘‘हीच. नाही म्हणणारा दुकानदार बरा.’’

आमच्या परचेसमध्येही हेच आहे की! सगळ्याला ‘हो हो’ म्हणणारा व्हेंडर ऐन वेळेला तोंडघशी पाडतो. सहावा गुंडा वेगळा आहे, हे आधी कळल्यामुळे आज्जीने विणायच्या आधीच बेत ठरवला. पाच गुंड्यांत कुंची आणि स्वेटरचं अंग, सहाव्यात मोजे. आणि अंगाला कमी पडलाच तर दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्या गुंड्याच्या, म्हणजे फरक मिसळून जातो. कळलं नसतं तर छातीवर आडवा पट्टा!

सुयांचा प्रश्नही त्याच बाईंशी बोलताना सुटला. आजीचे सांधे दुखतात म्हटल्यावर त्यांनी लांब स्टीलच्या सुया नको, मध्ये लवचीक वायर असलेल्या गोल सुया घ्या, असं सुचवलं. निटप्रोसारखी कंपनी या सुया जयपूरला बनवते आणि जगभर विकते, हे मला माहीतच नव्हतं. ४ मिलिमीटर, लाकडी टोकांच्या. आज्जी आधी म्हणाली, ‘‘ही काय वायर? मी काय इलेक्ट्रिशियन आहे?’’ पण विणकामाचं वजन मनगटांवर न येता मांडीवर राहतं, हे कळल्यावर तिच्या जुन्या सुया डब्यात गेल्या त्या गेल्याच.

ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तर ती हसली. ती क्रॉसस्टिच करते. म्हणाली, ‘‘आमचं बरंय बाई.’’ भरतकामाच्या दोऱ्यांचे नंबर पक्के असतात. डीएमसी ही १७४६ पासूनची फ्रेंच कंपनी, तिचा ३१० म्हणजे काळा. अँकरचा ४०३ म्हणजे काळा. कोल्हापुरात घ्या नाहीतर कॅनडात. कापडही ‘१४ काउंट’ म्हटलं की इंचाला चौदा चौकोन. त्यामुळे ज्यांना ऑनलाइन सुरुवात करायचीय, त्यांनी भरतकामापासून करावी, टेन्शन कमी! स्क्रीनवरच्या रंगावर मात्र तीही विसंबत नाही, तिने छापील शेड कार्ड घेऊन ठेवलंय.

इथनं तुझं

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मस्त चाललं होतं. संध्याकाळी घरी आले की आज्जी खिडकीत, मांडीवर पिवळं. डोकं झालं, कान झाले, पाठीवर सोडायचा भाग निम्मा झाला. आणि एका सकाळी तिचा उजवा अंगठा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर सुई नाही.

आई-बाबांचं तिकीट १० जानेवारीचं होतं.

‘‘विकत घेऊन देऊ या का एखादी?’’ आई हळूच म्हणाली. आज्जीने उत्तर दिलं नाही. तिने कुंची गुंडाळून पिशवीत ठेवली आणि टीव्ही लावला. तिला टीव्ही आवडत नाही.

रात्री मी त्या पहिल्या पार्सलमधले लिंबाएवढे गुंडे काढले आणि तिच्या पलंगावर जाऊन बसले. ‘‘शिकव.’’

‘‘आता? तीस वर्षांत वेळ झाला नाही तो?’’

‘‘शिकव की गं!’’

मग रोज रात्री जेवण झालं की क्लास. सुलट, उलट, सुलट, उलट. माझे टाके कधी वाढायचे, कधी गळायचे. आज्जी सुजलेला अंगठा उशीवर ठेवून नुसती बघायची आणि टाका सुटायच्या आधीच ‘‘गेला!’’ म्हणायची. बारा दिवसांत तीन हिरवट-पिवळे चौकोन झाले. चौथा बरा आला. पण माझा हात सैल. तिने माझा चौकोन आणि तिची कुंची पट्टीने मोजली आणि निकाल दिला, ‘‘तुला नऊ नंबर लागणार.’’ म्हणजे ३.७५ मिलिमीटर. यावेळी मी बरोबर मागवली!

पाठीचा उरलेला भाग मी विणला. साधाच, जाळी नाही, नक्षी नाही. बरोबर बावन्न ओळी. दोनदा उसवला. कडेची बारीक जाळी मला येणं शक्यच नव्हतं. ती आज्जीने डिसेंबरच्या शेवटी, अंगठा जरा उतरल्यावर, रोज चार-चार ओळी करून पुरी केली. बांधायला नाडी नको, असं वहिनीने आधीच बजावलं होतं, म्हणून हनुवटीखाली रुंद पट्टी केली. सहाव्या गुंड्याचे मोजे झाले, तेही जरा वेगळ्या पिवळ्याचे. उरलेल्या धाग्याची वीतभर लडी लेबलला गुंडाळून आज्जीने डब्यात ठेवली.

फेब्रुवारीत फोटो आला. खिडकीबाहेर बर्फ आणि कुंचीत एवढंसं लाल तोंड, झोपलेलं. आम्ही सगळे बाळ बघत होतो. आज्जीने मात्र फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बाळाचं तोंड सोडून पाठीवरच्या विणीकडे गेली.

‘‘ही बघ,’’ ती म्हणाली, ‘‘हितपर्यंत माझं. इथनं तुझं.’’

मला तर काहीच फरक दिसला नाही. ती म्हणाली, दिसतो.

परवा ऑफिसात असताना तिचा फोन आला. ती सहसा ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही, त्यामुळे मी मीटिंगमधून धावत बाहेर आले. ‘‘त्या बाईंना विचार,’’ आज्जी म्हणाली, ‘‘आकाशी आहे का त्यांच्याकडं? पोरगं वर्षाचं होईल, स्वेटर लागंल. आणि आधी विचार, एका लॉटचे किती हाईत. बाही तू कर.’’